वेल्डरचा खांदा का धरतो?

मृग नक्षत्र लागले, की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतील फॅब्रिकेशनच्या शेडमधली माणसे कमी होऊ लागतात. आसनगाव, आटगाव, वासिंदच्या कारखान्यांत किंवा मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंग करणारे अनेक जण किन्हवली, सरळगाव, टोकावडे, धसईच्या परिसरातील शेतकरी घरांतले असतात. घरची भातशेती थोडीच असते. पण आवणीला घरचे हात लागतातच. एरवी जॉबवर वाकणारी पाठ मग काही दिवस चिखलात वाकते. याच दिवसांत घरच्यांच्या एक गोष्ट लक्षात येते. तिशी-पस्तिशीतल्या या धडधाकट माणसाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. रोपांची मूठ उचलून पलीकडच्या खाचरात फेकताना तो कळवळतो. 'खांदा धरलाय' एवढेच तो सांगतो. बाम, गरम विटेचा शेक, गावातल्या जाणत्याकडून चोळून घेणे असे उपाय होतात आणि सुटी संपली, की वेदनाशामक गोळ्यांचे पाकीट खिशात टाकून तो पुन्हा शेडमध्ये हजर होतो.

औद्योगिक इजा म्हटली, की डोळ्यांपुढे येतो तो अपघात. शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम सुरू असताना गर्डर चढविणारे यंत्र कोसळले आणि २० जणांचा बळी गेला. ती बातमी देशभर पोहोचली आणि ती पोहोचायलाच हवी होती. मात्र खांदा, मान, कंबर आणि गुडघा यांची वर्षानुवर्षे चाललेली झीज कोणत्याही पंचनाम्यात येत नाही. तिला तारीख नसते आणि जागाही नसते. ज्या कामगाराला ती होते, त्यालाही ती कामामुळे झाली असे अनेकदा वाटत नाही. वय झाले, थंडी बाधली, झोपेत मान आखडली अशी कारणे तो स्वतःच शोधून काढतो.

ठाणे-मुंबईत राहणाऱ्याला हा विषय दूरचा वाटण्याचा संभव आहे. पण शहापूर-मुरबाडकडे घेतलेल्या 'सेकंड होम'चे नक्षीदार फाटक, इमारतीच्या खिडक्यांची ग्रील, गच्चीवरील टाकीचा सांगाडा, जिन्याचा कठडा ही सारी अशाच कुठल्या तरी शेडमध्ये जोडली जातात. तानसा, वैतरणा आणि भातसाचे पाणी मुंबईपर्यंत आणणाऱ्या पोलादी जलवाहिनीला गळती लागते, तेव्हाही कोणी तरी वेल्डर खड्ड्यात उतरून, पाइपाच्या पोटाखाली आडवा होऊन ती बुजवत असतो.

ओझे थोडे, पण थांबलेले

वेल्डरच्या हातातील वजन पाहिले, तर ते किरकोळ वाटते. इलेक्ट्रोड होल्डर अर्ध्या किलोच्या आसपास आणि त्यात धरलेला रॉड काही ग्रॅमचा. हमाल पाठीवरून याच्या कित्येक पट ओझे वाहतो. मग वेल्डरचाच खांदा का धरावा?

याचे उत्तर समजण्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. पाण्याने भरलेला तांब्या हातात घ्यावा आणि हात खांद्याच्या रेषेत सरळ पुढे करून तसाच धरून ठेवावा. पहिली काही सेकंदे काहीच जाणवत नाही. मिनिटभरात खांदा भरून येऊ लागतो, मग हात थरथरू लागतो आणि थोड्याच वेळात तांब्या खाली ठेवावा लागतो. तोच तांब्या घेऊन घरभर फिरायला सांगितले, तर कोणीही कुरकुर न करता फिरेल. फरक वजनात नाही. फरक हात न हलविता धरून ठेवण्यात आहे.

स्नायू आकुंचन आणि प्रसरण पावतो, तेव्हा तो स्वतःच पंपासारखा रक्त आत घेतो आणि बाहेर ढकलतो. तो आवळलेलाच राहिला, तर आतील बारीक रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायू कमी पडतो आणि टाकाऊ द्रव्ये साचतात. जर्मन शास्त्रज्ञ रोमर्ट यांनी १९६० मध्ये या थकव्याचा आलेख मांडला. स्नायूच्या कमाल ताकदीच्या निम्मी ताकद लावून ठेवली, तर तो मिनिटभराच्या आसपासच टिकतो. कमाल ताकदीच्या पंधरा टक्क्यांपेक्षा कमी जोर लागत असेल, तर तो दीर्घकाळ टिकू शकतो असे तेव्हा मानले गेले होते. पुढच्या संशोधनाने तो दिलासाही काढून घेतला. दिवसभर धरून ठेवायचे असेल, तर याहून कितीतरी हलका भारही स्नायूला थकवितो.

वेल्डरच्या बाबतीत तांब्याचे गणित आणखी कठीण होते. माणसाचा एक हात त्याच्या वजनाच्या सुमारे पाच टक्के भरतो. म्हणजे साठ किलोच्या माणसाचा हातच तीन किलोंचा. त्यात होल्डर आणि त्याला लोंबणारी केबल. पन्नास चौरस मिलिमीटर तांब्याच्या वेल्डिंग केबलचे वजन मीटरमागे अर्ध्या किलोहून अधिक असते. जमिनीवरून उचललेली दीड मीटर केबल जरी मनगटाला ओढत असली, तरी होल्डरसह सव्वा किलोपर्यंतचा भार झाला. तो तोलून धरत रॉडचे टोक वितळत्या धातूपासून काही मिलिमीटरवर स्थिर ठेवायचे असते. हात हलला, की जोड बिघडला. थोडक्यात, कौशल्य जितके अधिक, तितका हात अधिक निश्चल, आणि खांद्याच्या दृष्टीने तितकाच वाईट.

स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील जहाजबांधणी कारखान्यांत १९७० च्या दशकात पीटर हर्बर्ट्स आणि रोलंड कादेफोर्स यांनी वेल्डरच्या खांद्यांचा अभ्यास केला. हात वर करून वेल्डिंग करताना खांद्याच्या वरच्या बाजूचा, हाडाच्या कमानीखालून जाणारा एक छोटा स्नायू सर्वाधिक थकतो, असे त्यांना स्नायूंतील विद्युत-संकेतांवरून दिसले. हात वर गेला, की याच स्नायूचा कंडरा कमानीखाली चेपला जातो आणि त्याचा रक्तपुरवठा घटतो. त्यांच्या पाहणीत शंभरातील सुमारे अठरा वेल्डरना या कंडराचा दाह आढळला; कार्यालयात बसून काम करणाऱ्यांत तो क्वचितच होता. लक्षात घेण्याजोगी आणखी एक गोष्ट म्हणजे हा थकवा अनुभवी वेल्डरनाही चुकलेला नव्हता. उमेदवारीनंतर अंगाला सवय होते, ही आपल्याकडील समजूत तिथे खरी ठरली नाही.

मान, गुडघा आणि धूर

खांद्याच्या खालोखाल क्रमांक लागतो तो मानेचा. माणसाचे डोके साडेचार-पाच किलोंचे असते. ते मणक्यावर सरळ तोललेले असले, तर मानेच्या स्नायूंना फारसे काम पडत नाही. पुढे झुकले, की तेच वजन तरफेच्या टोकाला टांगल्यासारखे होते. त्यावर अर्ध्या किलोचे हेल्मेट, तेही चेहऱ्याच्या पुढच्या बाजूला. शिवाय दोन्ही हात अडकलेले असल्याने रॉड टेकवण्यापूर्वी मानेला झटका देऊन हेल्मेट खाली पाडण्याची पद्धत. दिवसातून शेकडो वेळा हा झटका बसतो. छोट्या दुकानांत हेल्मेटऐवजी हातात धरायची काच वापरतात. तिने मानेचा झटका वाचतो, पण डावा हात कायमचा अडकतो. मग जॉब धरायला गुडघा, कोपर, प्रसंगी पाय वापरला जातो आणि सारे शरीर एका बाजूला पिळले जाते. काहीच न वापरता, नुसता काळा गॉगल लावून किंवा डोळे मिटून टाका मारणारेही दिसतात. त्यांच्या डोळ्यांचे काय होते, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

तिसरा प्रश्न खास आपल्याकडचा. शेडच्या फरशीवर जॉब पसरायचा आणि त्याच्यासमोर उकिडवे बसून वेल्डिंग करायचे, हे दृश्य शहापूरच्या बाजारपेठेपासून माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुकानांपर्यंत कुठेही दिसेल. उकिडवे बसण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असते, म्हणून त्यात काही वावगे वाटत नाही. परंतु दहा मिनिटे बसणे आणि रोज पाच-सहा तास बसणे यांत मोठे अंतर आहे. पूर्ण दुमडलेल्या गुडघ्यात हाडांमधील कूर्चेच्या गादीवर मोठा दाब येतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० मध्ये सुधारलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत दीर्घकाळ गुडघे टेकून किंवा उकिडवे बसून काम केल्याने होणारी ही गुडघ्यातील गादीची इजा नावानिशी नोंदलेली आहे.

उकिडवे बसण्याचा दुसरा तोटा पाठीचा किंवा गुडघ्याचा नाही. तो फुप्फुसाचा आहे. वेल्डिंगचा धूर गरम असल्याने सरळ वर चढतो. जॉब जमिनीवर असला, की त्यावर वाकलेला चेहरा नेमका त्या धुराच्या वाटेत येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ मध्ये वेल्डिंगच्या धुराला मानवात कर्करोगास कारणीभूत ठरणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. पंखा, धूर ओढणारे नळकांडे, मास्क ही त्यावरची साधने आहेतच. पण जॉब वर उचलला आणि वेल्डर ताठ उभा राहिला, तर पाठीबरोबर श्वासाचाही काही प्रमाणात बचाव होतो. एका खर्चात दोन कामे होण्याची अशी उदाहरणे कमी असतात.

बैलाचे जू आणि माणसाचे टेबल

मुरबाड तालुक्यातील म्हसा येथे पौष पौर्णिमेच्या सुमारास भरणारी यात्रा गुरांच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. बैल घेणारा शेतकरी दाताबरोबर त्याचा खांदाही चाचपून पाहतो. जू मापाचे नसले, एका अंगाला झुकले, तर खांदा सोलवटतो आणि सुजतो. या विकाराला 'खांदेसूज' असे स्वतंत्र नाव आहे. घाटावर पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे तूप-हळदीने मळण्याची रीत आहे. तिला खांदेमळणी म्हणतात. परंतु खांदेसूज दिसली, की जाणता शेतकरी नुसते तूप चोळून थांबत नाही. तो जू तासून घेतो किंवा बदलतो. बैलाला जुवाच्या मापाचा करता येत नाही, हे त्याला ठाऊक असते.

याच गोष्टीला कारखान्याच्या भाषेत 'अर्गोनॉमिक्स' म्हणतात. काम, अवजार आणि जागा ही माणसाच्या शरीराच्या मापाला बसविण्याचे हे शास्त्र. पोलंडचे यास्त्शेम्बोव्स्की यांनी १८५७ मध्ये काम आणि नियम या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून ही संज्ञा तयार केली. त्याही आधी, १७०० मध्ये, इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिताना अवघड स्थितीत शरीर ठेवून केलेल्या कामाकडे बोट दाखविले होते. आपल्याकडे अर्गोनॉमिक्स म्हटले, की संगणकासमोरची महागडी खुर्ची आठवते. वस्तुतः त्याची खरी गरज जिथे खुर्चीच नाही, तिथे आहे.

वेल्डिंगच्या शेडमध्ये या शास्त्राचा पहिला नियम एका वाक्यात सांगता येतो: माणूस वाकविण्याऐवजी जॉब उचलावा आणि माणूस फिरविण्याऐवजी जॉब फिरवावा.

जॉब उचलावा म्हणजे किती? उभ्याने काम करताना जोड साधारण कोपराच्या उंचीला यावा. बहुतेक पुरुषांत ही उंची जमिनीपासून एक मीटरच्या आसपास भरते; पण माणसागणिक ती बदलते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील देबकुमार चक्रवर्ती यांनी भारतीयांच्या शरीरमापांचे पुस्तक १९९७ मध्ये सिद्ध केले, त्यामागे हाच विचार होता. परदेशी मापांचे टेबल इथल्या माणसाला बसेलच असे नाही. येथे एक चूक हमखास होते. टेबल एक मीटर उंचीचे केले जाते आणि त्यावर अर्धा मीटर उंचीचा जॉब चढविला जातो. मग जोड छातीच्या वर जातो आणि खांद्याचे दुखणे होते तसेच राहते. माप टेबलाचे घ्यायचे नसते. जोडाचे घ्यायचे असते. म्हणून एकाच उंचीच्या भक्कम टेबलापेक्षा खुंटी आणि भोकांच्या साह्याने उंची कमी-जास्त करता येईल अशी लोखंडी घोड्यांची जोडी अधिक उपयोगी पडते. ती बनविण्यासाठी बाहेरून कोणाला बोलवावे लागत नाही. दुसऱ्यांसाठी दिवसभर फाटके आणि सांगाडे करणाऱ्या दुकानात स्वतःसाठी मात्र एक घोडी नसावी, याला सवयीखेरीज दुसरे कारण सापडत नाही.

कोपर टेकवायला जागा मिळाली, की खांद्यावरचा भार लगेच हलका होतो. जॉबवरच एखादा आधार, नाही तर टेबलाच्या कडेला जोडलेला कापड गुंडाळलेला पाइप एवढ्यानेही हे साधते. केबलचे ओझे हाताने पेलण्याची गरज नाही. वरून हुक टाकून किंवा स्प्रिंगच्या बॅलन्सरला अडकवून ती टांगली, तर मनगटाला फक्त होल्डर राहतो. शेवटचे दोन-तीन मीटर बारीक आणि लवचिक केबल जोडण्याची पद्धतही आहे. मात्र वापरल्या जाणाऱ्या करंटला ती पुरेशी आहे ना, हे आधी पाहिले पाहिजे, अन्यथा ती तापते. केबल खांद्यावर टाकून किंवा दंडाला गुंडाळून काम करण्याची अनेकांची सवय विजेच्या दृष्टीने घातक आहे आणि ती मोडायलाच हवी.

जॉब फिरविण्याचा मुद्दा मालकाच्याही फायद्याचा आहे. जोड समोर आडवा असताना, म्हणजे शेडच्या भाषेत 'डाऊनहँड' स्थितीत, जाड रॉड आणि अधिक करंट वापरता येतो. धातू भराभर बसतो. तोच जोड डोक्यावर असला, तर वितळलेला धातू खाली ओघळू नये म्हणून बारीक रॉड आणि कमी करंट घ्यावा लागतो, वेग घटतो, दोष राहण्याची शक्यता वाढते आणि ठिणग्या कॉलरमध्ये पडतात त्या वेगळ्याच. गोल जॉबसाठी फिरते रोलर, छोट्या जॉबसाठी हाताने फिरणारी तबकडी, मोठ्या फाटकासाठी चेन पुली अशी साधने यासाठी असतात. मोडीत निघालेल्या गाडीच्या चाकाचा हब घेऊनही तबकडी तयार होते. त्यात एक काळजी आवश्यक असते. अर्थिंगचा क्लॅम्प थेट जॉबला लावावा. करंट बेअरिंगमधून गेला, तर बेअरिंग जळून अडकते.

जॉब उलटविणे हेही पुन्हा उचलण्याचेच काम, हे विसरता येत नाही. अमेरिकेच्या व्यवसाय-आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये सुधारलेल्या सूत्रानुसार अगदी आदर्श स्थितीतही एका माणसाने उचलण्याच्या वजनाची मर्यादा २३ किलो येते. ऑक्सिजनचे भरलेले सिलिंडर साठ किलोंच्या पुढे जाते आणि ते जमिनीवरून गडगडत नेताना आजही दिसते. त्याला दोन चाकांची ढकलगाडी हाच उपाय आहे.

यंत्र सुधारले, विश्रांती गेली

मुरबाड आणि आसनगावच्या कारखान्यांत आता साध्या रॉडऐवजी 'सीओटू' वेल्डिंग मोठ्या प्रमाणावर चालते. तारेचे रीळ आपोआप पुढे सरकते, रॉड बदलावा लागत नाही, काम वेगाने होते. प्रगतीच्या या हिशेबात एक वजाबाकी मात्र कोणी मांडली नाही. साधा रॉड एक-दीड मिनिटात संपतो. मग वेल्डर हात खाली घेतो, उरलेला तुकडा टाकतो, नवा रॉड लावतो, हातोडीने पापुद्रा उडवितो. हे वाया जाणारे वाटणारे क्षणच त्याच्या खांद्याची विश्रांती होती. सीओटूची गन मात्र थांबत नाही, आणि तिच्यामागे ओढली जाणारी नळीही जड असते. त्यामुळे अशा ठिकाणी मधले थांबे ठरवून द्यावे लागतात. दोन तासांनी एकदा पंधरा मिनिटे बसण्यापेक्षा दर काही मिनिटांनी अर्धा मिनिट हात खाली सोडणे स्नायूला अधिक मानवते.

कामाची पालट करण्याचाही सल्ला दिला जातो. तो योग्यच आहे. पण वेल्डिंगवरून उठवून ग्राइंडरवर बसविले, तर ती पालट नव्हे. खांदा तोच, मनगट तेच, शिवाय ग्राइंडरची थरथर भरीला. मोजमाप, आखणी, जुळणी अशा वेगळ्या हालचालींच्या कामाशी अदलाबदल झाली, तरच उपयोग.

यातील अडचण अशी, की अनेक ठिकाणी काम किलोमागे किंवा नगामागे ठरलेल्या दराने होते. थांबला, तर कामगाराचेच पैसे बुडतात. त्यामुळे कामगाराला 'जरा जपून, मधे मधे थांबत जा' असे सांगणे सोपे असले, तरी त्यात फारसा अर्थ नसतो. शेडची मांडणी आणि दराची पद्धत ठरविणाऱ्यानेच हा प्रश्न हाती घ्यावा लागतो. घोडी, टांगलेली केबल, फिरती तबकडी या गोष्टी म्हणूनच मोलाच्या. त्या वेग कमी न करता शरीर वाचवितात.

पुलावर, शेडच्या छतावर किंवा जलवाहिनीच्या खड्ड्यात जॉब फिरविता येत नाही, हे खरे आहे. तिथे दोनच वाटा उरतात. जेवढे जोड जमिनीवर करता येतील, तेवढे आधीच करून मगच सांगाडा वर चढवावा आणि उरलेल्या जोडांसाठी परांचीची पातळी अशी बांधावी, की काम छातीसमोर येईल. परांचीची एक फळी वाचविण्यासाठी वेल्डरने टाचा उंचावून तासभर हात वर धरावेत, ही काटकसर महाग पडते.

यादीत नसलेला आजार

कायद्याने या दुखण्याची दखल फारशी घेतलेली नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात इजा होईल इतके जड ओझे कोणाकडून उचलून घेऊ नये, अशी तरतूद कलम ३४ मध्ये होती. मात्र त्याच कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टातील, डॉक्टरांनी सरकारला कळविणे बंधनकारक असलेल्या २९ आजारांच्या यादीत शिसे, पारा, मँगनीज यांच्या विषबाधा आणि आवाजाने येणारे बहिरेपण होते; खांदा, कंबर वा मनगट नव्हते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यवसाय सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीविषयक संहिता लागू झाली, तिच्यातही ती यादी तशीच आली. आंतरराष्ट्रीय यादीत स्नायू आणि सांध्यांच्या विकारांचा स्वतंत्र विभाग असताना भारतीय यादीत त्यांना स्थान नसणे, ही केवळ तांत्रिक त्रुटी नाही. जो आजार कळवायचाच नसतो, तो मोजला जात नाही. जो मोजला जात नाही, त्याची भरपाई मागण्यास आधार उरत नाही.

शिवाय ही संहिता साधारणपणे दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. हमरस्त्यालगतच्या फॅब्रिकेशनच्या दुकानांत मालक धरून चार-पाच माणसे असतात. ती तिच्या कक्षेबाहेरच राहतात. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी ही नव्या व्यवस्थेतील चांगली गोष्ट आहे. पण वेल्डरचा खांदा चाळिशीची वाट पाहत नाही, आणि रक्तदाब-साखरेबरोबर 'हात वर करून दाखवा' असे कोणी म्हटले, तरच तो तपासणीत सापडेल.

ज्ञानाची उणीव मात्र नाही. मुंबईत सायनला केंद्रीय श्रम संस्था आहे. तिथे अर्गोनॉमिक्सचे काम आणि प्रशिक्षण चालते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने छोट्या उद्योगांसाठी सोप्या चित्रांसह तयार केलेले सुधारणांचे पुस्तक १९९६ पासून उपलब्ध आहे. २०१० च्या आवृत्तीत अशा १३२ सूचना आहेत आणि त्यांतील बहुतेक अल्प खर्चाच्या. शहापूर आणि मुरबाड येथे शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थाही आहेत. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो. तिथे मुले कप्प्यात उभी राहून, उंची जुळविलेल्या पट्टीवर जोड मारायला शिकतात आणि पहिल्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांना फरशीवर बसविले जाते. संस्थेत शिकलेली ती उंची शेडमध्येही का हवी, एवढे त्या वर्षभरात त्यांना कोणी समजावून दिले, तर निदान विचारण्याचे धाडस तरी येईल.

दुखणे ओळखण्याची वेळही महत्त्वाची. रात्रभराच्या झोपेने कळ थांबत असेल, तर ती पहिली पायरी. या टप्प्यावर कामाची उंची आणि पद्धत बदलली, तर खांदा बहुधा पूर्ववत होतो. सकाळी उठल्यावरही कळ राहू लागली, हात बाजूने वर नेताना मध्येच चमक भरू लागली, त्या कुशीवर झोपवेना झाले, की दुसरी. अंगठा आणि त्यालगतच्या दोन बोटांना रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल, तर मनगटातील नस दाबली जात असण्याची शक्यता असते. हाताची पकड सैल होऊ लागली असेल, तर वाट पाहू नये. शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय येथे दाखविताना आपण वेल्डर आहोत आणि कोणत्या स्थितीत काम करतो, हे आवर्जून सांगावे. डॉक्टरांनी विचारले नाही, तरीही. गोळीने कळ दबते, कळीचे कारण नव्हे. आणि कळ दबली, की माणूस त्याच खांद्याने दुप्पट काम करतो.

पावसाळ्यात या भागातील बाहेरची बांधकामे मंदावतात आणि शेडमध्ये हात थोडे मोकळे असतात. घोड्या आणि तबकड्या करायला तेच दिवस सोयीचे. सुरुवात खडूने करता येते. दुकानातील प्रत्येकाने शेडच्या खांबाला टेकून ताठ उभे राहावे, हात काटकोनात दुमडावा आणि कोपराच्या उंचीला खांबावर रेघ ओढून पुढे नाव लिहावे. दिवाळीनंतर फाटकांच्या ऑर्डर सुरू झाल्या, की घोडीची खुंटी कोणत्या भोकात घालायची, ते त्या रेघेवरून ठरवायचे.